रोज तीनशे दहा मिलिग्रॅम

ताई आंघोळीला शिरली की तिच्या भावाच्या, काट्याच्या, हातात अकरा मिनिटं असायची. त्यातलं पहिलं मिनिट तो नुसता नळाचा आवाज ऐकायचा, कारण एकदा ती नळ सोडून टॉवेल न्यायला परत आली होती आणि तिच्या कपाटासमोर उभं राहून त्याला 'झुरळ!' असं ओरडावं लागलं होतं. मग ताईनं चप्पल घेऊन अर्धा तास झुरळ शोधलं. तोही शोधत होता. शेवटी खरंच एक सापडलं, हे त्याचं नशीब.

मग हातमोजे. मग ताईच्या गोळ्यांची बाटली. मग काटा.

शहरातले वजनकाटे खरं बोलतात की नाही हे बघणं ही त्याची नोकरी होती. भाजीवाल्याचा काटा, ट्रक तोलायचा काटा, तान्ही बाळं ज्यावर आयुष्यातलं पहिलं रडून घेतात तो प्रसूतिगृहातला काटा. प्रत्येकावर तो आपल्याकडची पक्की वजनं ठेवायचा, आकडा बघायचा आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा. म्हणून ताई त्याला काट्या म्हणायला लागली, मग बाबा, आणि वर्षभरात त्याचे साहेबही. बाटलीला हात लावताना हातमोजे, कारण बोटांचा घामही वजनात धरला जातो. घरात तो हे कुणाला सांगायला जात नसे. घरात माणसं तीन आणि काटे चार होते, तेवढ्यावरच लोकांना पुरेसं हसू येत होतं.

बाटली कालच्यापेक्षा तीनशे दहा मिलिग्रॅमनं हलकी भरली, की त्याचा जीव भांड्यात पडायचा. तीनशे दहा म्हणजे एक गोळी. म्हणजे ताईनं कालची गोळी घेतली. तो आकडा वहीत उतरवायचा, बाटली होती तशी, लेबल भिंतीकडे करून ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन ब्रेड भाजायला लागायचा. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. वहीत एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला आकडे, बाकी काही नाही. मथळा लिहिला तर वाचणाऱ्याला कळेल, एवढी अक्कल त्याला होती. मथळा नसला तर वाचणारा काय समजेल, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

सरळ विचारायची सोय नव्हती. "गोळी घेतलीस का?" म्हटलं की ताई विचारायची, "तू श्वास घेतलास का?" आणि मग दोन दिवस घरात कुणीच कुणाशी बोलायचं नाही.

भीती मात्र खरी होती. पाच वर्षांपूर्वी ताईनं कुणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं, की खालच्या मजल्यावरचा माणूस भिंतीतून बाबांचा आवाज ओढून घेतोय. म्हणून तिनं बाबांना वाचवलं. म्हणजे त्यांना न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली आणि नऊ तास दाराखालच्या फटीतून बिस्किटं सरकवत राहिली. काट्या कामावरून आला तेव्हा ती दाराला पाठ लावून, मांडीवर सुरी ठेवून राखण करत होती. "हळू बोल," ती म्हणाली होती. "ऐकतोय तो." काट्यानं तिचा हात धरला तेव्हा ती त्याला हिसडा देऊन खिडकीच्या कठड्यावर चढली, आणि पुढचा पाऊण तास तिचा एक पाय घरात आणि एक हवेत होता. त्या दिवसापासून काट्या तिला हात लावत नसे. साधी टाळीसुद्धा देत नसे.

बाबा बाहेर आल्यावर एकच वाक्य बोलले: "बिस्किटं मऊ पडली होती." पुढचं वाक्य पंधरा दिवसांनी.

ताई बरी झाली, पुन्हा कामाला जायला लागली. दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं आणि बाहेर बसलेल्यांना धीर द्यायचं काम. तिचा आवाज ऐकून लोक दाढ काढून घ्यायला हसत आत जायचे. त्याच सुमारास बाबांनी घरात नियम केला, दोन मतांचा. तिघांपैकी दोघांना वाटलं की तिसऱ्याचं बिनसलंय, तर तिसऱ्यानं त्याच दिवशी ताईला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. वाद घालायचा नाही, वाद घातला तर तेही लक्षण. आणि घेऊन जायला दोघांनीही जायचं, एकानं नाही. कारण बाबा एकटे घेऊन गेले तेव्हा ताई सिग्नलला टॅक्सीतून उतरून शेजारच्या गाडीत बसली होती, आणि त्या गाडीतलं कुटुंब सभ्य असल्यामुळे पुढच्या चौकापर्यंत कुणी काही बोललं नव्हतं.

"पण नियम माझ्या एकटीसाठी नको," ताई तेव्हा म्हणाली होती. "तिघांना सारखा."

"सारखा," बाबा म्हणाले होते. काट्याही म्हणाला होता. दोघंही मनातून सारखेच खोटं बोलत होते. नियम दोनदा वापरला गेला, दोन्ही वेळा ताईसाठीच, आणि दोन्ही वेळा ती मुकाट्यानं चपला घालून निघाली.

यंदा मात्र सगळं सुरळीत होतं. वही तसं सांगत होती. ताई सकाळी गाणं गुणगुणायची, बाबांना स्वतः भरवायची, काट्याकडे बघून गोड हसायची. बिघडले होते ते बाबाच. गेला महिना दीड महिना ते जेवता जेवता पेंगत. चमचा तोंडापाशी येऊन थांबायचा आणि सूप पुन्हा वाटीत पडायचं. गालफडं आत गेली होती. पंखा चालू असतानाही अंगात कोट. "थंडी वाजते," ते म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाला वाजते, काट्यानं मनाची समजूत घातली. बाबा आयुष्यभर शिंपीकाम केलेले. आठ वर्षं झाकून ठेवलेलं शिलाई यंत्र पुन्हा खडखडायला लागलं, तेव्हा तर त्याला बरंच वाटलं.

"काय शिवताय?" त्यानं विचारलं.

"खिसे."

"कशाला?"

"कोटाला."

त्या कोटाला आधीच चार खिसे होते. पण माणसाला छंद असावा.

एकच गोष्ट त्याला खटकली. बाबा इतके वाळले होते, पण जिन्यात त्यांचं पाऊल मात्र जड पडायचं. धप्. धप्. पलंगावर पडल्या पडल्या तो ऐकायचा आणि त्याला वाटायचं, वर कुणीतरी दुसराच माणूस येतोय.

मग बुधवारी त्याच्या वजनांच्या पेटीतून दोनशे ग्रॅमचं वजन गेलं. पेटी घरी कपाटातच असायची, आत मखमलीत एकेक वजनासाठी एकेक खड्डा. गुरुवारी पाचशेचं गेलं. शुक्रवारी एक किलो. आठ वर्षांत त्याच्या हातून एक ग्रॅम हरवला नव्हता. त्यानं पलंगाखाली बघितलं, फ्रिजमध्ये बघितलं, मग स्वतःच्या चपलेत बघितलं, आणि चपलेत हात घालून उभा असताना त्याच्या अंगावर काटा आला. किलोभर पोलाद आपण चपलेत का शोधतोय?

ताई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"काही हरवलंय का?" तिनं दवाखान्यातल्या आवाजात विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली. हातातल्या कागदाच्या तुकड्यावर काहीतरी लिहिलं आणि गेली.

त्या दिवसापासून तो स्वतःला तपासायला लागला. शनिवारी दोन किलोचं आणि पाच किलोचं वजनही गेलं. दाराला कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघायचा. कामावर एका किराणा दुकानाचा काटा त्यानं तीनदा तपासला. तिन्ही वेळा आकडा बरोबर आला, तरी शिक्का मारायला हात उचलेना. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता तो काटा घाबरलाय." काट्या हसला नाही. हा आजार घराण्यातून येतो, एवढं त्यानंही वाचलं होतं. सुरुवात अशीच होते, हेही. आणि ज्याला होतो त्यालाच तो दिसत नाही, हे तर वाचायचीही गरज नव्हती.

रविवारी सकाळी नऊ वाजता ताईनं जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं. मध्यभागी त्याची वही ठेवली, शेजारी त्याचे हातमोजे. बाबा कोट घालून खुर्चीत बसले होते.

"काट्या, बस," ती म्हणाली. "मत घ्यायचंय."

तो खुर्ची ओढून बसला.

"कुणाचं?"

"तुझं बिनसलंय." तिनं हात वर केला. "बाबा?"

बाबांनी हात वर केला. म्हणजे करायला गेले. हात खांद्यापर्यंत आला, लोंबला, मग ताईनं कोपराखाली आधार दिला.

वाद हे लक्षण. त्याला पहिल्यांदाच कळलं, की ताईनं दोनदा इथंच बसून हे काय गिळलं असेल.

"वही सापडली मला," ताई म्हणाली. "महिन्यापेक्षा जास्त झालं. रोजची तारीख, रोजचा आकडा, आणि रोज कमी. एकदाही चुकून जास्त नाही. महिन्याच्या शेवटी अगदी तळाला, मग दुसऱ्या कुणाचं तरी चालू. कुणाचं होतं रे, काट्या? बाबांचं बघितलंस, काय राहिलंय अंगावर? रोज थोडं थोडं नेतोस. हातमोजे घालून."

ती रागावली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून त्याला जास्त भीती वाटली.

'तुझ्या बाटलीचं वजन आहे ते' हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं. पण दोन वर्षं रोज सकाळी कुणी लपून, हातमोजे घालून, बहिणीची बाटली तोलतो हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितल्यावर, त्यालाही ते शहाण्या माणसाचं वाटेना.

"तुमचं मत मी मानतो," तो कसंबसं म्हणाला. "बाबा, तुम्ही जरा उभं राहता?"

बाबा उठले. टेबलाला धरून, दोन टप्प्यांत. कोट हलला आणि आतून पोलादावर पोलाद आपटल्याचा आवाज आला. तो आवाज काट्यानं हजारो वेळा ऐकला होता. त्यानं कोटाची एक बाजू उघडली. आत अस्तरभर खिसे होते, रांगेनं, प्रत्येक खिसा वजनाच्या मापाचा, प्रत्येकाला बटण. दोनशे, पाचशे, किलो, दोन किलो, पाच किलो. कुंडीतले दगडही होते, आणि कपडे कापायची जुनी मोठी कात्री. टाके इतके सुबक, की क्षणभर त्याला बाबांचं कौतुकच वाटलं.

"काज हातानं केलेत," बाबा जड जिभेनं म्हणाले.

"मी भरून काढतेय," ताई म्हणाली. "तू नेतोस तेवढं मी परत घालते. नाहीतर एखाद्या दिवशी उठले असते आणि जमिनीला टेकलेच नसते. आणि गळती थांबायलाही देते."

"काय देतेस?"

"गोळी. माझ्यातली. मला आता गरज नाही, मला सगळं नीट दिसतंय."

"रोज सकाळी," बाबा म्हणाले. "न चुकता देते हो ती. फार करते माझं."

तीनशे दहा मिलिग्रॅम. रोज. आकडा एकदाही चुकला नव्हता. काट्यानं बाटलीवर इतकी नजर ठेवली होती, की गोळी कुणाच्या तोंडात जाते हे बघायचंच राहून गेलं होतं.

"चला मग," तो म्हणाला. आवाज शक्य तितका सरळ ठेवला. "दोघं मिळून मला घेऊन चला डॉक्टरीणबाईंकडे. नियम आहे. मी फोन करतो."

"फोन इकडे दे." तिनं हात पुढे केला. "फोनातूनही नेता येतं." फोन तिच्या खिशात गेला. "जाऊ आपण. पण आधी बाबांचं काम. पुरेसं वजन झालं का बघायचं."

"काट्यावर बघू ना. आहेत चार."

"तुझ्या काट्यावर?" ती खेदानं हसली. "पाण्यात बघायचं. सोपं आहे. टाकीत उतरवायचं. तळाला जाऊन टेकले आणि तिथेच राहिले, की झालं. मग कुणी नेऊ शकत नाही."

तिनं बाबांचा दंड धरला. गच्चीची किल्ली तिच्याकडे होती. पाणी गढूळ येतंय असं सांगून तिनं ती पहारेकऱ्याकडून घेतली होती, आणि त्या आवाजात मागितल्यावर त्यानं ती कौतुकानं दिली असणार. काट्या मागोमाग निघाला. चार मजले. धप्. धप्. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी दार उघडून म्हणाल्या, "अगं बाई, कोट घालून कुठे, लग्नाला?" ताई म्हणाली, "गच्चीवर ऊन खायला, मावशी." मावशींनी समजूतदारपणे मान हलवली आणि दार लावून घेतलं. काट्याला ओरडायचं होतं. पण ताईचा हात बाबांच्या दंडावर होता आणि जिन्याचा कठडा कमरेइतकाही उंच नव्हता.

गच्चीवर ऊन रखरखत होतं. सिमेंटची टाकी दीड माणूस उंच, गच्चीच्या अगदी कडेला, आणि तिला लोखंडी शिडी. झाकण ताईनं आधीच काढून ठेवलं होतं. बाबा तिसऱ्या पायरीवर होते, ताई त्यांच्या बाजूनं टाकीच्या काठावर चढून बसली होती, त्यांचा कोट मुठीत धरून.

"घाबरू नका, बाबा," ती म्हणत होती. "पाच मिनिटांचं काम आहे. आधी जरा गार लागेल, मग काही कळतही नाही."

"हो, हो," बाबा म्हणाले. डोळे अर्धे मिटलेले. चौथी पायरी.

काट्या खाली शिडीपाशी उभा होता. बाबांचा पाय धरून ओढावं, तर वर ताई, पलीकडे मोकळी हवा. एका हिसड्यात दोघंही गेले असते, एक टाकीत आणि एक रस्त्यावर, आणि कोण कुठे हे ठरवायला वेळही मिळाला नसता. तिला समजवावं, तर तो वाद. आजारी माणसाचा वाद. बाबांनी पाचव्या पायरीवर पाय ठेवला.

"ताई," तो म्हणाला. "खरंय. मीच नेतो."

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं आधी कधीच बघितलं नव्हतं. सुटका झाल्यासारखं काहीतरी. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला 'खरंय' म्हणालं होतं.

"किती?" तिनं विचारलं.

"बाबांचं सहा किलो. तुझं पावणेदोन."

"माझंही?" ती कुजबुजली. "मला वाटलंच होतं."

"परत द्यायचंय मला. पण असं देता येत नाही." तो बोलत गेला, आपण काय बोलतोय हे त्याला दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकू येत होतं. "माणसाचं वजन परत करायचं तर शिक्का मारलेला काटा लागतो. घरातले चालत नाहीत, त्यांचा दाखला मार्चमध्येच संपला. डॉक्टरीणबाईंकडे आहे. मीच पास केलाय तो. देणारा, घेणारा आणि साक्षीदार, तिघं एका वेळी लागतात. आणि घेणारा कोरडा हवा. ओल्या माणसाला दिलं, तर पाण्याचंच वजन धरलं जातं. मग पुन्हा कधी देता येत नाही."

ताई विचार करत होती. तिचा हात बाबांच्या कॉलरवर होता आणि बाबांचं डोकं टाकीच्या तोंडावर झुकलं होतं. आत पाणी डुचमळलं. तिनं आता एवढंच विचारलं असतं, की हा नियम कुठे लिहिलाय, तर सगळं तिथेच संपलं असतं.

"दाखला मार्चमध्ये संपला," ती म्हणाली, "आणि तू तसेच काटे वापरतोयस?"

"हो."

"लाज वाटत नाही?"

"वाटते."

"उतरा, बाबा," ती म्हणाली. "कोरडेच राहा."

टॅक्सीत तिघंही मागे बसले, बाबा मध्ये. एका बाजूनं ताईनं त्यांचा कोट धरला होता, दुसऱ्या बाजूनं काट्यानं. चालकानं वळणावर मागे बघून विचारलं, "सामान आहे का काही? गाडी बसल्यासारखी वाटतेय." "बाबा आहेत," ताई म्हणाली. चालकानं पुन्हा मागे बघितलं नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काट्यानं शेजारच्या गाडीकडे बघितलं, ताईच्या बाजूच्या दाराकडे बघितलं, आणि सिग्नल सुटेपर्यंत श्वास रोखून धरला.

रुग्णालयात रविवारची पाळी चालू होती. डॉक्टरीणबाई खाली आल्या. ताई उठून उभी राहिली, केस नीट केले आणि एकही शब्द न अडखळता सगळं सांगितलं: भाऊ दोन वर्षं चोरून वजनं घेतोय, ही त्याची वही, हे त्याचे हातमोजे, वजनं हरवतो, चपलेत शोधतो, आज त्यानं स्वतः कबूल केलंय. तिनं कागदाचे तुकडे काढले. प्रत्येकावर तारीख होती. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, एक पान, दोन पानं, दहा पानं. मग चष्म्यावरून काट्याकडे बघितलं. त्यांच्यामागे उभा असलेला धट्टाकट्टा मदतनीसही हळूच काट्याच्या बाजूला सरकला.

इथे आपण आत आणि ती दोघं परत घरी. टाकीचं झाकण अजून उघडंच.

"कबूल केलंत तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नाही म्हणावं, तर ताई बाबांना घेऊन उठेल. हो म्हणावं, तर तो मदतनीस.

"माझं नंतर बघा," तो म्हणाला. "मला ठेवून घ्या, हवे तितके दिवस. सही करतो. पण आधी बाबांचा कोट काढा."

मदतनीसानं कोट काढला आणि त्याच्या हातून तो निसटला. खाली फरशी तडकली. आवाजानं बाबा दचकून जागे झाले, समोर बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना शिष्टाचारानं म्हणाले, "नमस्कार. हिची गोळी मी घेतो हल्ली. तिला आता बरं आहे ना."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली.

ताईला दोघी परिचारिका आत घेऊन गेल्या. तिनं वाद घातला नाही. दारापाशी वळून ती फक्त एवढंच म्हणाली, "पण त्यानं अजून परत दिलं नाहीये." आणि ते तिनं इतक्या काळजीनं म्हटलं, की एक परिचारिका काट्याकडे रागानं बघत गेली.

बाबांना चार दिवस झोप काढायला ठेवलं. काट्यालाही डॉक्टरीणबाईंनी तासभर समोर बसवून प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला आजार नाही. पण हे असंच चाललं असतं, तर मी काही सांगू शकले नसते." त्यानं तो दिलासा समजायचं ठरवलं.

अडीच आठवड्यांनी ताईनं त्याला भेटायला बोलावलं. खोलीत एक पलंग, एक खुर्ची. ती बारीक दिसत होती, पण डोळे तिचेच होते. ती चादरीची शिवण बोटानं चाचपत बसली.

"एक विचारते. खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "तू नेत होतास का?"

हो म्हणणं सोपं होतं. एकदा तसं म्हटल्यानंच सगळ्यांचा जीव वाचला होता.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्या बाटलीचं वजन करायचो. गोळी घेतेस का नाही बघायला. तुला विचारायची भीती वाटायची."

"रोज?"

"रोज."

"रविवारी पण?"

"रविवारी पण."

ताईनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. हसतेय का रडतेय, कळेना. वर बघितलं तेव्हा दोन्हीही नव्हतं.

"म्हणजे गच्चीवरचं खोटं होतं," ती म्हणाली. "तेवढं एकच मला खरं वाटलं होतं."

परिचारिका आली, ताईच्या हातावर एक गोळी ठेवली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, आणि पलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारली म्हणून लगबगीनं गेली. गोळी ताईच्या तळहातावर पडून राहिली. काट्याची नजर गोळीवर खिळली. ताईची नजर काट्यावर.

"तू आधी बाहेर जा," ती म्हणाली.

"ताई..."

"बाहेर जा, काट्या. मग मी काय करायचं ते करीन."

तो उठला. दार ओढून घेतलं. दाराला छातीइतक्या उंचीवर काच होती, स्वच्छ पुसलेली, आतलं सगळं दिसेल अशी. तो काचेकडे पाठ करून उभा राहिला. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्यानं ते खिशात घातले, आणि आतून पेला उचलल्याचा आवाज येतोय का, हे ऐकायचं नाही म्हणून समोरच्या भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं तोंडानं मोठ्यानं वाचायला लागला.